घरी केलेली फळांची कँडी दगडासारखी का होते?

आपण लिहिले आहे की, सुट्टीत मुलांसाठी कलिंगड, आंबा आणि डाळिंब यांच्या कँड्या घरी करून पाहिल्या, साखर मुद्दाम बेताचीच घातली, साचे रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले, तरीही सकाळी हाती आला तो दगड; मुलांनी दोन-चार वेळा चोखल्यावर रंग आणि गोडी निघून गेली आणि काडीला नुसता पांढरा बर्फ उरला. असे का होते आणि मऊसर कँडी घरी कशी जमवावी, असा आपला प्रश्न आहे. मीही सोलापुरातच राहते, अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे आणि जवळजवळ तितकीच वर्षे एप्रिल-मे महिन्यांत हा उद्योग केला आहे, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देते.

दोष बहुधा आपण ज्याला पथ्य समजलात त्या बेताच्या साखरेतच आहे. कँडीतली साखर केवळ गोडीसाठी नसते. पाण्याला पूर्ण गोठू न देणे हे तिचे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे काम असते. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळवली, तर ते पाणी शून्य अंशाऐवजी साधारण उणे १.९ अंशाला गोठू लागते. हा फरक किरकोळ वाटेल, परंतु खरी गंमत त्यापुढे आहे. गोठताना बर्फात फक्त पाणी जाते आणि साखर मागे राहते; त्यामुळे उरलेला पाक अधिकाधिक घट्ट होत जातो आणि त्याला गोठवण्यासाठी अधिकाधिक थंडी लागते. फ्रीझर उणे १८ अंशांवर असला तरी बर्फाच्या कणांमध्ये थोडा पाक पातळच राहतो, आणि दात लावल्यावर कँडी तुटते ती या पाकामुळे. साखर कमी असेल तर हा पाकही कमी असतो, कण एकमेकांना घट्ट चिकटतात आणि आपल्याला दगड मिळतो.

फळांत स्वतःची साखर असते, पण ती फळागणिक फार वेगळी असते. कलिंगडाच्या १०० ग्रॅम गरात ती साधारण ६ ते ७ ग्रॅम असते, डाळिंबात १३-१४ ग्रॅमच्या आसपास आणि पिकलेल्या आंब्यात १४ ते १६ ग्रॅमपर्यंत. म्हणून एकच प्रमाण सगळ्या फळांना लावून चालत नाही. माझा अनुभव असा की, सगळे मिश्रण जमेस धरून त्याच्या वजनाच्या १८ ते २० टक्के साखर असेल तर घरगुती फ्रीझरमध्ये कँडी नीट उभी राहते आणि चावताही येते. एक किलो कलिंगडाच्या गराला या हिशेबाने सुमारे १४० ग्रॅम साखर लागते, एक लिटर डाळिंबाच्या रसाला ५० ग्रॅम पुरते, तर एक किलो आमरसात पाव लिटर पाणी घालून सारखा केला तर ९० ते १०० ग्रॅम. कलिंगडाचा आकडा वाचून आपण दचकाल. मीही दचकले होते. परंतु जीभ गार पडली की तिला गोडी कमी जाणवते, म्हणून मिश्रण साध्या तापमानाला चाखताना 'जरा जास्तच गोड झाले' असे वाटले, तरच ते गोठल्यावर बरोबर लागते. याउलट साखर २५ टक्क्यांच्या पुढे गेली की एका दाराच्या फ्रिजच्या छोट्या फ्रीझरमध्ये, ज्याला मे महिन्यातल्या ४२ अंशांत स्वतःलाच थंड राहणे जड जाते, कँडी गोठतच नाही आणि काडीवरून घसरून पडते.

वजनकाटा नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. सगळे मिश्रण साच्यांत ओतण्यापूर्वी त्यातले दोन चमचे स्टीलच्या वाटीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावे आणि दोन तासांनी चमच्याने टोचून पाहावे. चमचा शिरलाच नाही तर साखर वाढवावी, चिखलासारखे लागले तर रस किंवा पाणी वाढवावे.

साखर वाढवल्याने गोडी फारच होत असेल, तर तिचा पाव भाग काढून तेवढ्याच वजनाची ग्लुकोज पावडर घालावी, जी उन्हाळ्यात आपल्याकडे बहुतेक घरांत असतेच. जो परिणाम साधायला ३४२ ग्रॅम साखर लागते तो १८० ग्रॅम ग्लुकोजने साधतो आणि त्याची गोडी साखरेपेक्षा कमी असते, म्हणजे मऊपणा वाढतो आणि कँडी गोडमिट्ट होत नाही. मात्र साखरेऐवजी बाजारातल्या बिनसाखरेच्या गोड गोळ्या वापरण्याचा मोह टाळावा. माझ्या सासऱ्यांना मधुमेह होता; त्यांच्यासाठी मी एकदा गोळ्या घालून कलिंगडाची कँडी केली, ती चवीला गोड आणि दाताला फरशीसारखी निघाली, कारण गोळीतला गोड पदार्थ इतका नगण्य असतो की पाण्याच्या गोठण्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. त्यानंतर मी त्यांच्यासाठी कमी साखरेचा रस पसरट डब्यात गोठवून काट्याने खरवडून देत असे. तो बर्फाच्या गोळ्याच्या किसासारखा होतो, त्यामुळे मऊपणाचा प्रश्नच उरत नाही. अर्थात तोही त्यांना वाटीभरच मिळे.

आता पांढऱ्या बर्फाकडे वळते. लहानपणी सायकलवर लाकडी पेटी घेऊन येणाऱ्या गारेगारवाल्याकडून घेतलेल्या कांडीचेही असेच होई आणि रंग कोण आधी ओढतो याची आम्हा भावंडांत पैज लागे. मिश्रण सावकाश गोठले की बर्फाचे कण मोठे होतात आणि त्यांच्यामधल्या लांब फटींत रंगीत पाक साठतो. चोखले की तो पाक फटींतून ओढला जातो आणि कोरा बर्फ मागे राहतो. कण बारीक ठेवायचे असतील तर मिश्रण लवकर गोठवावे लागते किंवा गोठताना मोडावे लागते. लवकर गोठवण्यासाठी मिश्रण आधी दोन-तीन तास फ्रिजमध्ये गार करून घ्यावे, कारण कोमट मिश्रण फ्रीझरलाच तापवते. साचे प्लॅस्टिकचे घेण्यापेक्षा ॲल्युमिनियमचे कुल्फीचे कोन किंवा घरातली स्टीलची लहान फुलपात्रे घ्यावीत. धातूतून उष्णता प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी लवकर बाहेर पडते. ती फ्रीझरच्या तळाला थेट टेकवून ठेवावीत, तळावर चार थेंब पाणी शिंपडले तर आणखी चांगले, आणि एका वेळी आठ-दहांपेक्षा जास्त ठेवू नयेत.

दुसरा उपाय, म्हणजे गोठताना मोडणे, मला अधिक भरवशाचा वाटतो आणि कलिंगडासाठी तर तो अपरिहार्यच आहे. मिश्रण पसरट डब्यात ओतून कडेने गोठू लागेपर्यंत ठेवावे, मग बाहेर काढून मिक्सरमधून एकदा झटपट फिरवावे आणि त्या बर्फाच्या लगद्यासारख्या मिश्रणाने साचे भरावेत. याने मोठे कण मोडतात, कलिंगडाचा चोथा वर आणि पाणी खाली असे थर पडत नाहीत आणि काडीही न झुकता मधोमध उभी राहते. कलिंगडाचा रस मात्र कधीही उकळू नये, त्याला शिजलेल्या भोपळ्याचा वास येतो. साखर वेगळ्या थोड्या पाण्यात विरघळवून, गार करून घालावी. त्या पाण्यात लिटरभर मिश्रणामागे दोन चमचे आरारूट शिजवून घेतले तर रस किंचित दाट होतो आणि कण वाढायला अडथळा येतो.

आंब्याला एवढे सोपस्कार लागत नाहीत, कारण त्याचा गर मुळातच दाट असतो. केशर असो की पायरी, रस गाळून घ्यावा, चिमूटभर मीठ घालावे आणि साचे भरावेत.

डाळिंबाबद्दल मात्र मी थोडी रेंगाळणार आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आपल्याच शहराजवळ केगावला आहे. इतके असूनही येथे घरोघरी डाळिंबाची कँडी बिघडते ती एकाच कारणाने, आणि ते कारण म्हणजे मिक्सर. दाणे मिक्सरमध्ये बेफाम फिरवले की आतल्या बिया फुटतात, त्यांचा कडूपणा आणि तुरटपणा रसात उतरतो आणि मग तो लपवण्यासाठी आपण साखर ओतत राहतो. सोललेले दाणे, पांढरा पापुद्रा कटाक्षाने काढून, स्वच्छ मलमलच्या फडक्यात बांधावेत आणि परातीत हाताने दाबून रस काढावा. मिक्सरच वापरायचा असेल तर दोन-तीन झटके देऊन थांबावे आणि लगेच गाळावे. 'भगवा' जातीच्या एक किलो डाळिंबांतून अर्ध्या लिटरच्या आतच रस मिळतो, त्यामुळे ही कँडी स्वस्त नाही. रसात अर्धे लिंबू पिळावे: डाळिंबाचा रंग आंबट रसात लालबुंद राहतो, आंबटपणा कमी झाला की तो जांभळट, मळकट दिसू लागतो. लोखंडानेही हा रंग काळवंडतो, म्हणून लोखंडी भांडे आणि लोखंडी चाळण वापरू नये. शोभेसाठी अख्खे दाणे कँडीत घालण्याची पद्धत दिसते, ती मला मान्य नाही. ते दाणे छऱ्यांसारखे कडक होतात आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या दातांवर संकट येते. फळांचे तुकडे घालायचेच असतील तर ते आधी अर्धा तास साखरेत मुरवावेत, म्हणजे तेही मऊ राहतात.

आपण विचारलेले नाही, परंतु सगळ्यांत कमी कष्टांत जमणारी कँडी पन्ह्याची असते. उकडलेल्या कैरीचा एक वाटी गर, सव्वा वाटी चिरलेला गूळ, अडीच वाट्या पाणी, वेलदोडा आणि चवीपुरते मीठ एवढेच तिला लागते. कैरीचा गर दाट, त्यात गुळात ग्लुकोजही थोडे असते आणि मीठही पाण्याला गोठू देत नाही. त्यामुळे ती कधी दगड होत नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी एका वर्षी पन्ह्याच्या पेल्यांऐवजी या कँड्या दिल्या होत्या. डाळीबरोबर कँडी कशी खायची यावर दोन ज्येष्ठ बायकांनी नाराजी दाखवली, पण परत जाताना दोघींनी नातवंडांसाठी एकेक मागून नेली.

दुधात फळे घालून कुल्फी करणार असाल तर एवढेच लक्षात ठेवावे की, अननस कच्चा घालू नये. त्यातले एक द्रव्य दुधातली प्रथिने तोडते आणि कुल्फी कडू होते. अननस साखरेत शिजवून, गार करून घातला तर ते द्रव्य निष्प्रभ होते.

पाण्याविषयी सांगणे आपल्या गावात आवश्यकच आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि आपण ते साठवून वापरतो. गोठवल्याने त्यातले जंतू मरत नाहीत, केवळ थांबतात आणि कँडी तोंडात वितळली की पुन्हा जागे होतात. त्यामुळे कँडीत जाणारे प्रत्येक थेंबभर पाणी उकळून गार केलेलेच असावे आणि साचेही त्याच पाण्याने विसळावेत. दुपारी वीज गेली तर फ्रीझरचे दार उघडून पाहण्याची घाई करू नये. अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या कँडीत कण मोठे होतात, म्हणजे आपण केलेली सारी मेहनत वाया जाते. फळांची कँडी तशी झालीच तर त्याच दिवशी सरबत म्हणून संपवावी, दुधाची पूर्ण वितळून कोमट झाली असेल तर टाकून द्यावी.

वीज फारच सतावत असेल तर जुन्या मटका कुल्फीची रीत अजूनही उपयोगी पडते. तीन किलो फोडलेल्या बर्फात एक किलो जाडे मीठ मिसळले की मिश्रणाचे तापमान शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत उतरते, जे अनेक घरगुती फ्रीझरांना भर उन्हाळ्यात जमत नाही. कोनांची झाकणे कणकेने लिंपून ते मडक्यात या बर्फात गळ्यापर्यंत रोवावेत, वर गोणपाट टाकावे आणि मडके अधूनमधून हलवत राहावे. साधारण तास-दीड तासात कुल्फी तयार होते. कोन बाहेर काढल्यावर आधी वरचे खारे पाणी पुसावे, नंतरच झाकण उघडावे. कुल्फी सोडवण्यासाठी पाणी तापवण्याची गरज नाही, गच्चीवरच्या टाकीतले पाणी मे महिन्यात पुरेसे तापलेलेच असते. उरलेले मिठाचे पाणी मात्र, कितीही टंचाई असली तरी, कुंड्यांना घालू नका; माझी मोगऱ्याची दोन झाडे त्यात गेली.