अमेरिकेत दोन एपिस्कोपल पॅरिशनी मिळून एकच पाळक ठेवला, तर छोटं चर्च टिकतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या एपिस्कोपल (म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन पंथाच्या) पॅरिशचं, स्थानिक चर्चचं, शेजारच्या पॅरिशबरोबर पाळक वाटून घ्यायचं चाललंय, त्यात दुपारची स्पॅनिश उपासनाही सुरू होणार, आणि तुमच्या नगरकडच्या घरच्यांना ही चर्च बंद पडायची पहिली पायरी वाटते. मी अशाच एका जोडीतल्या चर्चच्या व्हेस्ट्रीवर, म्हणजे सभासदांनी निवडलेल्या कारभारी समितीवर आहे. टिकतं. पण कागद आधी करून घ्या.

मुळात हा पैशाचा प्रश्न असतो. पगार, घर, आरोग्यविमा, आणि वर पगार-घरभत्त्याच्या 18 टक्के पेन्शन फंडात. रविवारी जेमतेम चाळीस माणसं येणाऱ्या चर्चला पूर्णवेळ प्रीस्ट, म्हणजे दीक्षा झालेला पाळक, झेपत नाही. पाळक एक झाला म्हणून चर्च एक होत नाहीत. व्हेस्ट्री, खाती, इमारती वेगळ्याच राहतात. विलीनीकरण हा वेगळा मामला आहे, तो तुमच्या नकळत होत नाही.

एकच पाळकसाहेब अनेक गावांच्या मंडळ्या सांभाळतात, हे नगर जिल्ह्यातल्या माणसाला काय सांगायचं! इथे अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. 1979 च्या एपिस्कोपल प्रार्थनापुस्तकाने प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) ही रविवारची मुख्य उपासना ठरवली. प्रातःप्रार्थना साधा सभासदही चालवू शकतो, प्रभुभोजनाला मात्र प्रीस्टच लागतो. त्यामुळे भांडणं होतात ती वेळापत्रकावरून. नाताळच्या आदल्या संध्याकाळी प्रीस्ट कुठे? ईस्टरला सकाळी कुठे? हॉस्पिटलच्या भेटी, रजा, गाडीचा खर्च कोणाकडे? हे सगळं बिशपच्या संमतीने होणाऱ्या करारपत्रात लिहून घ्या. ‘बघू तेव्हा’वर सोडलंत की मोठ्या चर्चच्या सोयीने ठरतं, नेहमीच. आणि शेजारी एपिस्कोपलच हवा असंही नाही. 2001 पासून अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लुथरन चर्चशी पूर्ण सहभागिता आहे, म्हणजे दोन्ही चर्च एकमेकांचे पाळक आणि प्रभुभोजन मान्य करतात, त्यामुळे त्यांचे पाळकही चालतात.

आता स्पॅनिशचं. प्रार्थनापुस्तक स्पॅनिशमध्ये आहेच आणि विधीचा क्रम तोच, त्यामुळे भाषा कळली नाही तरी आपण कुठे आहोत ते कळतं. एकत्र उपासनेत प्रत्येक वाक्य दोनदा म्हणू नका, लोक कंटाळतात. एक वाचन इंग्रजीत, दुसरं स्पॅनिशमध्ये, दोन्ही मजकूर पत्रिकेत शेजारी-शेजारी छापलेले, आणि प्रभूची प्रार्थना ज्याने त्याने आपापल्या भाषेत एकाच वेळी. थोडा गोंगाट होतो, होऊ दे. 12 डिसेंबरला मेक्सिकोतल्या ग्वादालुपेच्या मरियेचा सण आला की तुमच्यातले काही जुने सभासद ‘हे रोमन कॅथलिक नाही का?’ म्हणतील. अनेक लॅटिनो एपिस्कोपल मंडळ्या तो साजरा करतात, एवढं सांगून पुढे जा.

पण खरी कसोटी उपासनेची नाही, व्हेस्ट्रीची आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 काढून बघा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली, तेव्हा सात माणसं निवडली गेली. स्तेफन, फिलिप्प वगैरे सातही नावं ग्रीक. म्हणजे बहुधा तक्रार करणाऱ्यांच्या हातीच वाटप दिलं! इथे मात्र कित्येकदा स्पॅनिश मंडळीला दुपारी एकची वेळ आणि तळघराची किल्ली मिळते, हिशेबाच्या बैठकीला कोणी बोलावत नाही. त्याला मी स्वागत म्हणणार नाही, ते पोटभाडेकरू ठेवणं झालं. त्यांचं दान कोणत्या खात्यात जातं, व्हेस्ट्रीवर त्यांचे किती जण, हे वार्षिक सभेत तुम्हीच विचारा. तुम्हीही इथे परभाषेतच प्रार्थना करता, तेव्हा तुमच्या तोंडी ते शोभेल.

मराठी उपासनेचंही विचारलंय. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही एपिस्कोपल चर्चशी पूर्ण सहभागितेत आहे, त्यामुळे नगरहून मुलाकडे आलेले एखादे पाळकसाहेब इथल्या बिशपच्या परवानगीने प्रभुभोजन चालवू शकतात. अर्ज लवकर करा आणि उन्हाळ्यातला रविवार मागा. सामायिक प्रीस्ट तेव्हाच रजेवर जातो, आणि दोन्ही चर्च बदली प्रीस्ट शोधत असतात.