आधी हाक मार

प्रिय,

परवा फोनवर म्हणालास, सोलच्या शिनचोन भागातल्या एका जेवणघरात वीस मिनिटं बसलास, कुणी विचारायला आलं नाही, तसाच उठलास आणि खोलीवर जाऊन कपातलं राम्योन, म्हणजे झटपट नूडल्स, खाल्लंस. मग हळूच विचारलंस, "काका, आपला रंग बघून टाळलं असेल का हो?" तेव्हा मी नुसतं हं हं केलं. रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसलो.

रंगावरून वागवणं सोलमध्ये नाहीच, असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी तू हाक मारली होतीस का? नाही ना? मग निकाल कसला देतोस? तिथे गिऱ्हाइकाचं ठरेपर्यंत त्याला सतावायचं नाही, असा रिवाज आहे. टेबलाला बटण असेल तर दाबायचं. नसेल तर मोठ्यानं म्हणायचं, 'योगियो!' म्हणजे 'अहो, इकडे!' त्यात उद्धटपणा काही नाही.

वर तक्रार, की टेबलावर चमचासुद्धा नव्हता. अरे, टेबलाच्या कडेचा कप्पा ओढून बघायचास. चमचे आणि धातूच्या काड्या बऱ्याच ठिकाणी त्यातच असतात. पाणीही अनेकदा आपलं आपण आणायचं. आंबवलेल्या कोबीची तिखट किमची, मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, असल्या छोट्या वाट्या न मागता येतात, त्यांना बांचान म्हणतात. संपल्या की परत मिळतात, बहुतेक ठिकाणी फुकट. पण हाक मारलीस तर!

एकटा असलास तर मांस भाजायच्या दुकानात शिरू नकोस, तिथे बहुधा निदान दोघांचं मागवावं लागतं. सुंदुबू चिगेच्या, म्हणजे मऊ टोफूच्या रश्श्याच्या, दुकानात जा. भाताची ती झाकणाची स्टीलची वाटी बघून तोंड वाकडं करू नकोस. तांदूळ वाचवायला सोलच्या महापालिकेनं 1976 मध्ये तिचं माप बांधून दिलं होतं, 10.5 सेंटीमीटर रुंद आणि 6 उंच. हल्लीच्या वाट्या त्याहूनही लहान. पोट भरलं नाही तर हाक मार, दुसरी येईल.

शाकाहाराचं विचारलंस. 'गोगी नको' एवढं म्हणून भागत नाही. गोगी म्हणजे मांस, आणि रश्शाला वापरलेली वाळकी म्योल्ची, आपल्या मांदेलीसारखी बारीक मासळी, ही पुष्कळांच्या लेखी गोगी नव्हेच. नाव घेऊन विचार. किमचीत खारवलेली कोळंबी असते, हे मला तिथे राहायला गेल्यावर दोन महिन्यांनी कळलं. तोवर चटक लागली होती, सोडली नाही. आईला सांगितलं नाही. याला मी फसवणूक मानत नाही. ती दर रविवारी विचारायची, "जेवलास का?" काय जेवलास, असं तिनं कधी विचारलं नाही, आणि हजारो किलोमीटरांवरून तिला आणखी एक घोर कशाला लावायचा? तू मात्र जे पाळायचं ते नीट विचारून पाळ.

आता मी हे कुठल्या तोंडानं सांगतोय, तेही ऐक. मी दोन वर्षं एकाच खानावळीत जेवलो, भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवून. एकदा बिबिम्बापमधलं, म्हणजे भाज्या घालून कालवायच्या भातातलं, मांस मी बाजूला सारताना तिथल्या बाईंनी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाडग्यात मांस नाही, वर दोन अंडी. मी मान लववायचो, पैसे द्यायचो, निघायचो. बाकीची पोरं त्यांना 'इमो' म्हणून हाक मारायची. इमो म्हणजे आईची बहीण. आपल्या मेसमधली मावशीच की! शेवटच्या दिवशी दाराबाहेर तो शब्द चार वेळा घोकला आणि आत जाऊन पुन्हा बोट दाखवलं. माझं कोरियन कच्चं होतं, हे खरं. पण इ आणि मो, दोन अक्षरं. कच्चं असायला त्यात आहे काय?

म्हणून चिडतो तुझ्यावर. भाषा येईल तेव्हा बोलू, असलं काही मला ऐकवू नकोस. हाक मार. आवाज चिरका निघाला तर निघू दे.

उद्या त्याच जेवणघरात जा. सुंदुबू मागव. काळं मातीचं भांडं उकळतच येतं. बरोबर कच्चं अंडं दिलं तर लगेच फोडून आत सोड, रटरटणं थांबलं की ते शिजत नाही. आणि भाताच्या वाटीला एकदम हात लावू नकोस, झाकण चांगलंच तापलेलं असतं.

तुझा
काका