दृष्टान्त कुठे तुटतो, ते आधी तूच सांग

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. (देव न मानणाऱ्याने आशीर्वाद कोणाच्या भरवशावर द्यावेत, हा तुझा नेहमीचा प्रश्न या वेळी नको. पत्राचा हात तसा वळलेला आहे.)

तुझी वही दोन दिवस माझ्या टेबलावर आहे. डाव्या रकान्यात देव आहे म्हणणारे तुझ्या ख्रिस्ती मामांचे दृष्टान्त, उजव्या रकान्यात त्यांना खोडणारे तुझे आणि समासात लाल पेनने कोण जिंकले त्याच्या खुणा. अकरा लढतींपैकी सात तू स्वतःच्या नावावर लावल्या आहेस. तरीही गेल्या रविवारी वसईला मामांच्या घरी जेवणे झाल्यावर ते म्हणाले, "विरार फास्टमध्ये बसतेस तेव्हा मोटरमन दिसतो का? तरी गाडी वसईला पोचतेच ना?" त्यावर तू तत्त्वज्ञ रसेलची अंतराळात फिरणारी किटली बाहेर काढलीस. मामांनी शांतपणे विचारले, "चहा आणखी हवा आहे का?" सगळे हसले, आणि परतीच्या गाडीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. आपली बाजू बरोबर असूनही हरल्यासारखे का वाटते, असे तू मला विचारतेस. कारण सोपे आहे. तू मामांच्या दृष्टान्ताला उत्तर दिलेच नाहीस; त्याच्यावर दुसरा दृष्टान्त फेकून मारलास.

मी तुला तर्कशास्त्र शिकवले तेव्हा एक गोष्ट पुरेशी ठसवली नाही, ती आता ठसवतो: जो दृष्टान्त देतो, त्यानेच तो कुठे तुटतो ते आधी सांगावे. समोरच्याने तोडण्याची वाट पाहू नये.

आपल्या मराठीला हे नवे नाही. चक्रधरांच्या दृष्टान्तांचा जो संग्रह केसोबासांनी केला, त्यातल्या ११४ दृष्टान्तांची मांडणी पाहा. आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे ती गोष्ट नेमकी कशाला आणि किती लागू करायची याचा उलगडा. आज आपण मधला भाग तेवढा ठेवला आणि शेवटचा टाकून दिला. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट त्यातलीच. "सगळे धर्म एकच" म्हणताना ती सर्रास सांगतात, पण सांगणाऱ्याला स्वतःला अख्खा हत्ती कसा दिसला, हे कोणी विचारत नाही. तुझ्या वहीत ती चौथ्या पानावर आहे आणि तिच्यापुढे तू विजयाची खूण केली आहेस. ती पुसून टाक.

आता मामांच्या मोटरमनकडे वळू. दृष्टान्त बरा आहे, आणि तो जिथे टिकतो ते आधी मान्य कर. न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवणे मुळातच वेडेपणाचे असते तर या शहरातले निम्मे लोक सकाळी घराबाहेर पडले नसते. त्यानंतर तो कुठे तुटतो ते सांग. मोटरमन आपल्याला गाडीवरून ठाऊक झालेला नाही. आपण त्याला फलाटावर केबिनमधून उतरताना पाहिले आहे, त्याच्या संपाची बातमी वाचली आहे, कोणाचा तरी मेव्हणा त्या नोकरीत असतो. विश्वाच्या बाबतीत असे दुसरे विश्व आणि दुसरा कर्ता आपण कधी पाहिलेला नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा आक्षेप हाच होता: घर पाहून गवंडी आठवतो, कारण घरे आणि गवंडी आपण कितीदा एकत्र पाहिले आहेत. शिवाय एका घराला अनेक गवंडी लागतात, मग देवही अनेक का नसावेत, असेही त्याने विचारून ठेवले. हे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापले गेले. घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणारच, तसा जगाचाही कर्ता असणार, हे धर्मपंडित पेलीचे प्रसिद्ध घड्याळ आले १८०२ मध्ये, म्हणजे २३ वर्षांनी. उत्तर आधी, प्रश्न नंतर. तरीही घड्याळच लोकांच्या ध्यानात राहिले, कारण ते हातात धरता येते.

आमच्याकडचा वाद त्याहून जुना आहे. न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, म्हणत: घट हे कार्य आहे म्हणून त्याला कुंभार आहे, तसे जग हे कार्य आहे म्हणून त्याला ईश्वर आहे. त्यावर बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने सातव्या शतकातच विचारून ठेवले होते की मातीचा घट कुंभार करतो एवढ्यावरून मातीचे वारूळही कुंभारानेच केले असे म्हणायचे का? एका वारुळात अख्खा घट बुडाला. वारूळ बाहेरून आणलेले नाही, ते घटाच्याच मातीतले आहे, म्हणून त्याला एवढे बळ आहे. तुझी किटली मात्र मामांच्या स्वयंपाकघरातली नव्हती.

किटलीबद्दल थोडे कठोर बोलतो, कारण ती मीच तुला दिली. रसेलने १९५२ साली एका मासिकाने मागवलेल्या, पण तेव्हा न छापलेल्या लेखात लिहिले की पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये चिनी मातीची एक किटली सूर्याभोवती फिरते, आणि ती दुर्बिणीतूनही दिसू नये इतकी लहान आहे, असे मी म्हटले तर ते खोटे पाडता येणार नाही. म्हणून काही ते मानण्याची सक्ती तुमच्यावर होत नाही. दृष्टान्ताचे काम एवढेच: पुराव्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर आहे ते दाखवणे. देव किटलीसारखा आहे हे त्याचे म्हणणे नाही, आणि तू नेमके तेच ऐकवलेस. किटलीने कोणाचे आयुष्य बदलल्याचे कोणी सांगत नाही, तिच्यासाठी कोणी उपास धरत नाही, आणि जगात काहीतरी का आहे या प्रश्नाचे उत्तर म्हणून तिला कोणी पुढे करत नाही. हे तिचे तुटणे आहे. ते तू आधी बोलली असतीस तर मामांना चहा विचारायला जागाच उरली नसती.

माळ्याची गोष्ट तुझी आवडती, म्हणून तिच्यापाशी थांबतो. तत्त्वज्ञ अँटनी फ्ल्यूने १९५० च्या सुमारास ती मांडली. जंगलातल्या मोकळ्या जागेत फुले आहेत आणि तणही आहे. एक प्रवासी म्हणतो माळी येतो, दुसरा म्हणतो येत नाही. पहारा ठेवतात, विजेच्या तारा लावतात, कुत्री फिरवतात. कोणी सापडत नाही. पहिला म्हणतो, माळी अदृश्य आहे, त्याला स्पर्श नाही, वास नाही. मग असा माळी आणि नसलेला माळी यांत फरक काय राहिला? तू इथे थांबलीस आणि खूण केलीस. पुढे वाच. त्याच चर्चेत देव मानणाऱ्या बेसिल मिचेलने दुसरी गोष्ट सांगितली. परक्या सत्तेखालच्या देशात एका लढवय्याला एका रात्री एक अनोळखी माणूस भेटतो आणि म्हणतो, मी तुमच्याच बाजूचा आहे, काहीही दिसले तरी माझ्यावर विश्वास ठेव. पुढे तो कधी मदत करताना दिसतो, तर कधी पोलिसांच्या वेषात आपल्याच माणसांना पकडून देताना. लढवय्या विश्वास सोडत नाही. परंतु मिचेल स्वच्छ कबूल करतो की ते दृश्य विश्वासाच्या विरुद्ध जाते, आणि त्याची झळ विश्वास ठेवणाऱ्याला बसायलाच हवी. मी मिचेलच्या बाजूचा नाही, पण त्या बैठकीत माझा नियम पाळणारा तो होता. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचा हात वाहून आलेल्या आणि हात बरा न झालेल्या बाईला माळ्याची गोष्ट सांगून काही कळणार नाही. अनोळखी माणसाची गोष्ट तिच्या ओळखीची आहे.

आणि मामांच्याच ग्रंथातली, बायबलमधली, विधवा आणि न्यायाधीशाची गोष्ट विसरू नकोस. न देवाला भिणारा, न माणसांची पर्वा करणारा न्यायाधीश केवळ तिच्या तगाद्याला कंटाळून तिला न्याय देतो. येशू प्रार्थनेबद्दल बोलताना देवाशेजारी त्याला उभा करतो, आणि लगेच सांगतो की असला अन्यायी माणूसही ऐकतो, तर देव ऐकणार नाही काय? सगळा जोर फरकावर आहे. जिथे तुटते, तिथेच गोष्ट बोलते.

माझे सांगतो. चाळीस वर्षांपूर्वी दादरच्या एका सभेत प्रार्थनेवर बोलताना मी म्हटले की प्रार्थना करणारा हा बंद पडलेल्या लिफ्टचे बटण पुन्हा पुन्हा दाबणाऱ्या माणसासारखा असतो. सभागृह हसले. तिसऱ्या रांगेत माझा एक ख्रिस्ती सहकारी बसला होता. त्याची पत्नी त्या महिन्यात रुग्णालयात होती. मला ते ठाऊक नव्हते असे मी बरीच वर्षे म्हणत आलो. ठाऊक होते. तीन दिवसांनी स्टाफरूममध्ये तो एवढेच म्हणाला, "लिफ्टपाशी उभा असलेला माणूस कोणाशी बोलत नसतो." त्यानंतर त्याने माझ्याशी धर्मावर एक शब्द काढला नाही. त्याने दाखवलेली फट माझ्या दृष्टान्तात पहिल्या दिवसापासून होती; ती मला दिसत होती, आणि हशा जाईल म्हणून मी झाकली.

तरीही सांगतो, लिफ्ट चुकीची नव्हती. प्रार्थनेचा परिणाम मोजायची वेळ आली की लोक बटणाचा विषय सोडून संवादाचा विषय काढतात, आणि संवादाबद्दल विचारले की बटण दाबायला परत जातात. हे मी तेव्हा म्हटले, आजही म्हणतो, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही. फक्त ते त्या माणसासमोर, त्या महिन्यात, अर्धे तोडून म्हणायला नको होते. वाद आणि जल्प यांतला फरक मी वर्गात दर वर्षी शिकवत होतो, पहिल्यात सत्य हवे असते आणि दुसऱ्यात विजय, आणि स्वतः सभांमध्ये जल्प करत हिंडत होतो. त्यामुळे तुझ्या समासातल्या लाल खुणा पाहून मला जो राग आला, तो सगळा तुझ्यावरचा नाही.

वही परत पाठवतो आहे. प्रत्येक पानावर मी पेन्सिलने तिसरा रकाना आखला आहे. पहिली तीन पाने मी भरली, उरलेली तू भर, आणि तुझ्या दृष्टान्तांपासून सुरुवात कर. मामांच्या रकान्यासमोरची जागा कोरी ठेव, ती त्यांनाच विचार. मोटरमन कुठे तुटतो हे त्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. इतकी वर्षे मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या माणसाला कोणीतरी पोराने ते कधीच विचारले असेल. शेवटच्या पानावर मी माझी लिफ्ट लिहिली आहे. तिच्यापुढचा रकाना त्या सहकाऱ्याच्या वाक्याने भरला आहे, पण खाली दोन ओळींची जागा उरते. ती मामांना दाखव.

तुझा,
सर