लेक शेल्डन असेल, पण घरात मिसीही आहे

प्रश्न : माझा मुलगा 10 वर्षांचा, पाचवीत आहे. नववीचं गणित स्वतःहून सोडवतो. वर्गात कंटाळतो, मित्र नाहीत. ‘यंग शेल्डन’ आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलं आणि वाटलं, हा आपलाच मुलगा! मोबाइलवरच्या चाचणीत त्याचा बुद्ध्यांक 145 आला. त्याला शाळेतून काढावं, मुक्त विद्यालयातून बाराव्या वर्षी दहावी आणि चौदाव्या वर्षी बारावी करून टाकावी, असं यजमानांचं म्हणणं आहे. मोठी मुलगी सातवीत आहे, ठीक आहे, खो-खोत असते. काय करावं?
— एक आई, सांगली

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. ती मालिका माझ्याही घरात आवडीने पाहिली गेली आहे, म्हणून आधी तिच्याविषयीच बोलते.

2017 ते 2024 अशी सात पर्वं ती चालली. ‘द बिग बँग थिअरी’ या मालिकेतल्या शेल्डन नावाच्या विक्षिप्त शास्त्रज्ञाचं हे बालपण. काळ 1989 नंतरचा, गाव टेक्ससमधलं, वडील शाळेत फुटबॉलचे प्रशिक्षक आणि आई देवभोळी. नऊ वर्षांचा मुलगा थेट हायस्कुलात जाऊन बसतो. जेवणाआधीच्या प्रार्थनेला सगळ्यांनी हात धरायचे असतात, तेव्हा जंतूंच्या भीतीने हा हातमोजे घालतो. आपण हसतो. पण त्याच टेबलाशी त्याची जुळी बहीण मिसी बसलेली असते आणि माझं लक्ष नेहमी तिच्याकडे जातं.

आईचा सगळा जीव शेल्डनच्या शाळेत, कॉलेजात, त्याच्या भीतीत अडकलेला. मिसी शहाणी, माणसं अचूक ओळखणारी, मुलग्यांच्या संघात बेसबॉल खेळणारी. तिचं कौतुक मात्र उरलंसुरलं. पुढे एका पर्वात ही मुलगी वडिलांचा ट्रक घेऊन घरातून पळून जाते. तिच्यासोबत असते पेज, शेल्डनइतकीच असामान्य बुद्धीची. आईवडिलांच्या घटस्फोटानंतर पेज पार विस्कटून जाते. बुद्धी तीच, पण पायाखालचं घर सरकलं. मालिकेने हे दाखवलं, म्हणून मी तिला चांगली मालिका म्हणते.

एका बाबतीत मात्र ती फसवते. वीस-बावीस मिनिटांच्या भागात कुणी ना कुणी भला माणूस वेळेवर भेटतो. आजी गाडी काढते, प्रेमळ प्राध्यापक आपल्या वर्गात बसू देतात. आपल्याकडे असा प्राध्यापक शोधावा लागतो, दहा दारं ठोठावावी लागतात. आणि नीट पाहिलंत तर तिथेही एकदम उडी नाही. शाळेत असतानाच आजीचं बोट धरून फक्त भौतिकशास्त्राचे तास ऐकायला जाणं, आणि पूर्णवेळ कॉलेज त्यानंतर. मध्ये एकदा हुशार मुलांच्या शाळेसाठी त्याला डॅलसला ठेवतात, तर तो घरच्यांविना कोमेजतो आणि परत येतो.

आता तुमच्या लेकाचं. मोबाइलवरचा 145 हा आकडा आजच विसरा. अशा चाचण्यांचा आकडा कशालाच धरता येत नाही. मान्यताप्राप्त मानसशास्त्रज्ञाकडून समोर बसून चाचणी करून घ्या. आपल्याकडे बिने-कामत चाचणी आजही वापरतात. व्ही. व्ही. कामत यांनी ती मूळ मराठी आणि कन्नड मुलांसाठीच बसवली होती. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मूल कुठे अडतं, कुठे धावतं, हे त्यात दिसतं. भाषा आणि लेखन वयाचंच असेल, गणित मात्र चार वर्षं पुढे, असं अगदी नेहमी आढळतं.

यजमानांची योजना मुळातच बसत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेत दहावीसाठी वय किमान 14 लागतं, बारावीसाठी 15. पुढे वैद्यकीयकडे वळायचं ठरलं तर ‘नीट’ला 17 वर्षांची अट आहे. म्हणजे घाई करून मूल दारात उभं राहील आणि दार वयासाठी बंद असेल. ती वर्षं घरात एकट्याने काढायची, तेही ज्याला आताच मित्र नाहीत अशा मुलाने, हे मला अजिबात पटत नाही.

एक विषय पुढे जाऊ द्या, मूल वर्गातच राहू द्या. गणितज्ञ टेरेन्स टाओ यांचं उदाहरण मला यासाठीच मोलाचं वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये लहानपणी ते गणिताला हायस्कूलच्या वर्गात बसत आणि बाकीच्या विषयांना खालच्या इयत्तांत. 1986, 87 आणि 88 अशी सलग तीन वर्षं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये आधी कांस्य, मग रौप्य, मग सुवर्ण. 2006 मध्ये फील्ड्स पदक, गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान. वेग होताच, पण प्रत्येक पायरीवर मुलाला विचारून.

तुम्ही मुख्याध्यापकांना भेटा आणि एवढंच मागा : गणिताच्या तासाला त्याला वरच्या वर्गात बसू द्यावं. लेखी अर्ज द्या, सोबत चाचणीचा अहवाल जोडा. नाही म्हणाले तर गणिताच्या एखाद्या शिक्षकांना आठवड्यातून एक तास मागा. पुण्यात गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी 1976 मध्ये स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी त्यांची गणित प्रज्ञाशोध स्पर्धा असते, तिची चौकशी लगेच करा. सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. बक्षीस मिळो न मिळो, तिथे त्याला त्याच्यासारखी चार मुलं भेटतील. मित्र नाहीत हे तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण मला पत्रातली सगळ्यात जड ओळ तीच वाटली. मागे माझ्यासमोर असाच एक मुलगा बसला होता. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आईच देत होती. मी तिला बाहेर बसायला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “मला कुणी खेळायला बोलवत नाही, म्हणून मी गणितं करतो.” त्या दिवसापासून मी हुशार मुलाला आधी गणित विचारत नाही, सुट्टीत कुणाबरोबर डबा खातोस, ते विचारते. तुम्हीही आज रात्री विचारा. आणि शाळा सोडायची का, हेही त्यालाच विचारा. पत्रात त्याचं मत कुठेच नाही.

शेवटच्या पर्वातलं एक दृश्य तुम्हालाही आठवत असेल. वडील सकाळी कामाला निघतात, शेल्डन आपल्याच तंद्रीत. त्याच दिवशी वडील हृदयविकाराने जातात आणि तो मुलगा ती सकाळ मनात पुन्हापुन्हा उभी करतो, प्रत्येक वेळी निराळा निरोप देत. यजमानांना ते दृश्य पुन्हा एकदा दाखवा. मुलाच्या चौदाव्या वर्षीच्या बारावीचा हिशेब मांडण्याआधी त्यांनी त्याच्याबरोबर रोज अर्धा तास कॅरम खेळावा, असं मी अगदी मनापासून सांगते.

चाचणी झाली की अहवाल घेऊन भेटायला या. मुलीला नक्की आणा. दोन पानांच्या पत्रात तिच्या वाट्याला एक ओळ आली आहे. ती पळायला जास्त चांगली की गडी मारायला, हे मला तिच्याच तोंडून ऐकायचं आहे.