पोराचं नाव मल्हार ठेवायचं म्हणताय? मग आधी एवढं वाच

भावा, बारशाला आठ दिवस राहिलेत म्हणून मोबाइलवर पहिला सापडला तो अर्थ धरू नकोस. तिथं 'मल्हार म्हणजे पावसाचा राग' एवढंच लिहिलेलं असतं. तो राग आहेच, पण आपल्या साताऱ्याकडं हे नाव येतं खंडोबावरून. मल्ल दैत्याचा अरी, म्हणजे शत्रू, तो मल्लारी. बोलता बोलता झाला मल्हार. मणी आणि मल्ल या दोघांना देवानं मारलं, त्याची आठवण म्हणून मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला चंपाषष्ठी. होळकरांचे मूळपुरुष मल्हारराव (१६९३–१७६६) याच नावाचे.

घरात कुलदैवत खंडोबा असेल तर आजीला विचार, मागच्या पिढीत खंडू, मार्तंड, मल्हारी कोण होतं ते. आमच्या आजीनं तर पाळण्याच्या दोरीलाच भंडारा लावला होता, पिवळे डाग अजून आहेत! पौषात कराड तालुक्यातल्या पालीला खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, जमलं तर पोराला घेऊन जा.

आणि जन्माच्या दाखल्यावरचं नाव तिथंच, ऑफिसच्या खिडकीसमोर उभं राहून वाच. माझ्या पुतण्याचा 'मलहार' झालाय, अजून दुरुस्त करतोय.