कासवं दिसली नाहीत तर वेळासची फेरी फुकट जाईल का?

प्रश्न असा आहे: मुंबईहून दोन दिवस वेळासला जायचंय, पण पिल्लं दिसतीलच याची खात्री नाही. मग जावं का, आणि आसपास बघण्यासारखं काय आहे?

रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास माझं आजोळ, तेव्हा उत्तर थोडं पक्षपाती समजा.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ही अंडी कोल्ह्याकुत्र्यांच्या नाहीतर माणसांच्या पोटात जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास गावाला हाताशी धरून काम सुरू केलं. आता अंडी कुंपणात आणून पुरतात, वर टोपली पालथी घालतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलायची. खाली कधी वीस पिल्लं वळवळत असतात, कधी नुसती वाळू. एकदा मैत्रिणीला घेऊन गेले, तर चारही वेळा वाळूच. ती हिरमुसली तशी मामी म्हणाली, "अगं, कासवं म्हणजे काय एसटी आहे, वेळेवर यायला? आणि एसटी तरी कुठे येते!"

म्हणून गावासाठी जा. नाना फडणीसांच्या भानू घराण्याचं हे मूळ गाव. जवळच सावित्रीच्या मुखावर बाणकोट. तिथला छोटासा किल्ला आंग्र्यांचा हिम्मतगड. इंग्रजांनी १७५५-५६ च्या सुमारास घेऊन त्याचं फोर्ट व्हिक्टोरिया केलं. तटावर उभं राहिलं की पलीकडे हरिहरेश्वरचा डोंगर हाकेच्या अंतरावर वाटतो.

नकाशा बघणारे फसतात ते इथेच. हरिहरेश्वर समोर दिसतं, पण मध्ये खाडी आणि जिल्हाही दुसरा, रायगड. रस्त्याने जायचं तर म्हाप्रळ-आंबेतच्या पुलापर्यंत केवढा वळसा! त्यापेक्षा अलीकडच्या वेसवीहून पलीकडच्या बागमांडल्याला फेरीबोट धरा, गाडीसकट जाता येतं. शेवटची फेरी कधी सुटते ते मात्र आधी विचारून ठेवा.

मार्चअखेरीस जाणार असाल तर ज्यांच्याकडे उतराल त्यांना काजूगरांची उसळ आदल्या दिवशीच सांगा. ओले गर सोलण्यात अख्खी सकाळ जाते, आणि चिकाने हाताची सालं निघतात ती वेगळीच.