'जँगली' गिटारला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: 'द स्मिथ्स' या मँचेस्टरच्या बँडच्या पहिल्या अल्बमवरच्या इंग्रज श्रोत्यांच्या प्रतिक्रिया मराठीत आणायच्या आहेत. त्यात 'जँगली' (jangly) गिटार पावलोपावली भेटते. तिला 'झणझणीत गिटार' म्हटले तर चालेल का? आणि 'फ्लॅट' हे विशेषण कधी गाण्याला, कधी ध्वनिमुद्रणाला लागते, त्याचे काय करावे?

सर्वांत आधी, 'जँगली' तसेच देवनागरीत ठेवू नका. अर्धचंद्र नजरेतून निसटला की गिटार 'जंगली' होते आणि अर्थ पार उलटतो. हा आवाज रानटी नाही. स्वच्छ, उजळ आणि एकात एक मिसळणारा आहे.

इंग्रजीत 'जँगल' हे क्रियापद मुळात कौतुकाचे नाही. किल्ल्यांचा जुडगा आदळावा तसा कानाला टोचणारा धातूचा आवाज, असा त्याचा अर्थ. गिटारच्या बाबतीत तो चांगल्या अर्थाने रुळला त्यात 'द बर्ड्स' या अमेरिकी बँडचा मोठा हात आहे. १९६५ साली त्यांनी गायक-गीतकार बॉब डिलनचे 'मिस्टर टँबुरीन मॅन' बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारवर वाजवले, आणि त्या गाण्याच्या शब्दांतही 'जिंगल जँगल' आहे. बारा तारा म्हणजे सहा जोड्या. खालच्या सुरांच्या चार जोड्यांत जाड तारेसोबत एक सप्तक वरची बारीक तार असते, उरलेल्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुरात. जोडीतल्या तारा केसभर इकडेतिकडे राहतात, त्यातून ती थरथरती चमक येते.

स्मिथ्सचा गिटारवादक जॉनी मार हा परिणाम सहा तारांवरही काढतो. कसा, ते हातात गिटार घेऊन पाहिले तर शब्द आपोआप सापडतो. डी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ) धरा आणि एकदम खरडण्याऐवजी चौथी, तिसरी, दुसरी, पहिली अशी एकेक तार छेडा. बोटे उचलू नका. पहिली तार छेडेपर्यंत चौथी अजून वाजत असते; चार आवाजांच्या शेपट्या एकमेकींवर पडतात. हीच किणकिण. बोट लवकर सुटले तर सुटीसुटी टणटण उरते. तळहात घोडीवर टेकला तर नुसती ठकठक. अँप्लिफायरचा आवाज फाटेपर्यंत वाढवला तर सगळे सूर एकमेकांत चेंगरतात आणि घरघर होते. म्हणून या वादनात अँप्लिफायर स्वच्छ ठेवतात आणि बऱ्याचदा कॉम्प्रेसर लावतात. तो छेडण्याचा ठोका दाबतो आणि मागची शेपटी वर उचलतो.

आता 'झणझणीत'. झणझण हा तारेचा आवाज खराच, पण '-ईत' लागले की मराठीत ध्वनीचा शब्द ध्वनी सोडून गुणाकडे जातो. ठणठणीत माणूस वाजत नाही, तो निरोगी असतो. दणदणीत विजय, सणसणीत चपराक, चुरचुरीत लेख, खणखणीत उत्तर, सगळीकडे हेच घडले आहे. झणझणीतवर तर मिसळीचा आणि ठेच्याचा कायमचा हक्क आहे. '-आट' लावला तरी बिघडते: खणखणाट, किणकिणाट म्हटले की आवाज नकोसा झाला. इथे धातुसाधित वापरावे. खळखळता झरा, तशी किणकिणती गिटार. मी हाच शब्द सुचवेन.

दुसरे शब्द का नकोत? छुमछुम घुंगरांची आहे, तिला ताल आहे पण सूर नाही. खुळखुळ खिशातल्या नाण्यांची, तिलाही सूर नाही. खणखण जड धातूची. रुणझुण गोड आहे, पण फार मऊ. ज्ञानेश्वरांची रुणुझुणु तर भ्रमराची आहे. झंकार तारेचाच, त्यात चूक काही नाही. मात्र तो एका छेडीचा भारदस्त नाद वाटतो आणि सतार, वीणा डोळ्यांसमोर येतात. किणकिण काकणांची: बारीक, उजळ, अनेक वस्तू एकाच वेळी वाजणारी. 'काय ती किणकिणती गिटार! ऐकत राहावी' हे वाक्य मराठी कानाला परके वाटत नाही.

'फ्लॅट'चे मात्र दोन शब्द करावेच लागतील. स्मिथ्सचा गायक मॉरिसी याचे गाणे 'फ्लॅट' आहे असे कोणी म्हणत असेल आणि रोख सुराकडे असेल, तर 'सूर उतरलेला' किंवा जरासाच खटकत असेल तर 'कणसूर'. रोख चढउताराकडे असेल तर 'एकसुरी'. 'बेसूर' ही फार मोठी शिक्षा आहे. ध्वनिमुद्रणाबद्दल असेल तर 'सपाट', आणि वाद्ये एकमेकांत घुसमटली आहेत अशी तक्रार असेल तर 'कोंदलेला'. धूर कोंदतो तसा आवाज कोंदतो.

या अल्बमबाबत ही दुसरी तक्रार जुनी आहे आणि तिच्यामागचे कारण ठाऊक असेल तर अनुवाद चुकणार नाही. निर्माता ट्रॉय टेटसोबत केलेले आधीचे मुद्रण बाजूला ठेवून अल्बम दुसरा निर्माता जॉन पोर्टर याच्या हाताखाली पुन्हा मुद्रित झाला. फेब्रुवारी १९८४ मध्ये रफ ट्रेड या कंपनीने काढल्यावर तो ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. पण १९८३ मध्ये बीबीसी रेडिओवर जॉन पीलच्या कार्यक्रमात हीच काही गाणी ताजी, मोकळी ऐकलेल्या अनेकांना एलपी त्यापुढे दबलेली वाटली. नोव्हेंबर १९८४ च्या 'हॅटफुल ऑफ हॉलो' या त्यांच्या संकलनामध्ये ती रेडिओवरची मुद्रणे आली, तेव्हा तुलना हातातच मिळाली. म्हणून अशा प्रतिक्रियेत 'सपाट' हा शेरा गाण्यांवर नसून मुद्रणावर आहे, हे वाक्यात दिसले पाहिजे: 'गाणी जिवंत, मुद्रण सपाट.' आणखी एक खाचखळगा: किणकिणीचा नमुना म्हणून हमखास सांगितले जाणारे 'धिस चार्मिंग मॅन' मूळ ब्रिटिश एलपीवर नव्हते, अमेरिकी आवृत्तीत होते. त्यामुळे दोन श्रोते एकाच अल्बमबद्दल वेगळे बोलताना दिसले तर आधी आवृत्ती तपासा.

अशा प्रतिक्रियांत 'इंडी' (indie) हा शब्दही येतो. त्याचे 'स्वतंत्र' करू नका. ब्रिटनमध्ये तो शब्द मोठ्या कंपन्यांबाहेरच्या प्रकाशन-वितरणावरून आला, आपल्याकडे बिगरफिल्मी संगीताला लागतो. 'स्वतंत्र पॉप'मधून दोन्ही कळत नाही. 'डेब्यू अल्बम'ला 'पहिला अल्बम' पुरे. पदार्पण म्हणजे पाऊल ठेवणे, ते माणूस करतो. 'बँडने या अल्बमने पदार्पण केले' ठीक, 'अल्बमने पदार्पण केले' नको.